चित्रातले सहा जण आणि एक टिंब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आपल्या बालपुरवणीत प्राचीन समुद्राचे पानभर रंगीत चित्र आले होते. चित्रकाराचा हात चांगला आहे. पाणी खाली खाली गडद होत गेलेले छान दाखवले आहे, आणि मेगालोडॉन या महाकाय शार्कचे दात तर इतके नेटके काढलेत की मोजता येतात. माझी तक्रार चित्राखालच्या ओळीबद्दल आहे. 'कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात एकत्र वावरणारे जलचर' अशी ती ओळ. त्यातला 'एकत्र' हा शब्द चुकला आहे.

मी 31 वर्षे मुद्रितशोधन केले. त्यामुळे वर्तमानपत्र हातात आले की मजकुराआधी चूक दिसते; सवय आहे, घरचे हसतात. ही चूक मात्र मी सोडूनही दिली असती. पण सोमवारी सकाळी भाचीच्या दोन मुलांचा फोन आला. दोघांत पैज लागलेली. थोरल्याचे म्हणणे, मेगालोडॉन आणि मोसासॉर, म्हणजे एक प्रचंड सागरी सरीसृप, यांच्या झुंजीत मेगालोडॉन जिंकणार. धाकटा मोसासॉरच्या बाजूने. आणि पंच कोण, तर मावशीआजी. मी सांगितले, "अरे, ही कुस्ती लागणारच नाही. एक पैलवान आखाड्यात उतरला तेव्हा दुसऱ्याला जाऊन चार कोटी वर्षं होऊन गेली होती." थोरला गप्प बसला. धाकटा म्हणाला, "मग पेपरात एकत्र का दाखवलेत?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, म्हणून हे पत्र.

पुरवणीचे पान काढून मी तांबडी पेन्सिल घेतली आणि प्रत्येक प्राण्याशेजारी त्याचा काळ लिहिला. चित्रात सहा जण आहेत. तळाशी वाळूत नाकावर त्रिशूळ असलेला त्रिखंडी, म्हणजे ट्रायलोबाइट, किड्या-खेकड्यांच्या गोतातला कवचवाला प्राणी. असा त्रिशूळवाला त्रिखंडी खरोखरच होता. वॉलिसेरॉप्स त्याचे नाव, मोरोक्कोच्या खडकांत सापडतो, सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या डोक्यावर चिलखती माशाची, डंकलिऑस्टियसची, वासलेली करवत. हा 38 ते 36 कोटी वर्षांपूर्वीच्या दरम्यानचा. मधोमध इक्थिओसॉर, डॉल्फिनसारखा दिसणारा सरीसृप. त्याचा गट सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी आला आणि 9 कोटींच्या सुमारास संपला. उजवीकडे मोसासॉर, चित्रातला धिप्पाड मोसासॉरस 8.2 ते 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. वर मेगालोडॉन, 2 कोटींहून थोडा जुना, आणि 36 लाख वर्षांपूर्वी नाहीसा झालेला. सहावा अ‍ॅमोनाइट, गुंडाळलेल्या शिंगासारखा शंख असलेला. त्याच्याकडे नंतर येते.

पान तांबडे झाले. त्रिखंडी आणि मेगालोडॉन यांच्यामध्ये जवळजवळ 38 कोटी वर्षे आहेत. मोसासॉरस आणि मेगालोडॉन यांच्यामध्ये 4 कोटींहून अधिक. इक्थिओसॉर आणि मोसासॉरस यांची चुकामूक त्या मानाने थोडक्यात झाली, काही दशलक्ष वर्षांनी, पण भेट झाली नाही ती नाहीच.

यावर कुणी म्हणेल, त्रिखंडी आणि डंकलिऑस्टियस हे तरी दोघेही डेव्होनियन कल्पातले, म्हणजे भूविज्ञानातल्या त्या नावाच्या कालखंडातले ना? हो, दोघांपुढे डेव्होनियनच लिहिलेले असते. पण डेव्होनियन कल्प सुमारे 6 कोटी वर्षांचा आहे. शेवटचा मोसासॉर मेल्यापासून तुम्ही हे पत्र वाचेपर्यंतचा काळ जवळजवळ तेवढाच. 'दोघे डेव्होनियनमधले' एवढ्यावरून त्यांना शेजारी बसवायचे, तर मोसासॉरला आणि मला एका बाकावर बसवावे लागेल. त्रिशूळवाला कल्पाच्या मधल्या भागात होऊन गेला, करवतवाला अखेरीला आला.

आता थोडी गुंतागुंत सांगते, कारण सरसकट 'सगळे चूक' म्हणणेही चूकच आहे. त्रिखंडी हा एक प्राणी नव्हे, मोठा गट आहे. त्याच्या 20 हजारांहून अधिक जाती शास्त्रज्ञांनी नोंदवल्या आहेत. हा गट 52.1 कोटी वर्षांपूर्वीपासून 25.2 कोटी वर्षांपूर्वीपर्यंत, म्हणजे सुमारे 27 कोटी वर्षे टिकला. म्हणून डंकलिऑस्टियसच्या पाण्यात कुठले ना कुठले त्रिखंडी होतेच. पण ते हे, त्रिशूळवाले, नव्हते. अ‍ॅमोनाइटचे तसेच. त्याच्या मोठ्या गोतावळ्यातले कुणी ना कुणी डेव्होनियनपासून 6.6 कोटी वर्षांपूर्वीपर्यंत सापडतात. चित्रातल्या सहांपैकी चौघांशी कुठल्या ना कुठल्या अ‍ॅमोनाइटची भाऊबंदकी लावता येते. मेगालोडॉनशी मात्र कुणाचीच नाही. पण एकेक जात घेतली तर तिचे आयुष्य फार आखूड. तेच आखूडपण कामाला येते: ठरावीक जातीचा अ‍ॅमोनाइट दिसला की थराचा काळ बांधता येतो. 1850 च्या दशकात जर्मनीत आल्बर्ट ओपेल याने युरोपातले ज्युरासिक थर असेच अ‍ॅमोनाइटांच्या जातींवरून पट्ट्यापट्ट्यांत वाटून दाखवले. दोन गावांतला खडक वेगळ्या रंगाचा, वेगळ्या जाडीचा असला, तरी जात तीच म्हणजे काळ तोच.

तेव्हा 'हे दोघे एकाच काळी होते का' असे कुणी विचारले तर आधी विचारावे: दोघे म्हणजे कोण, गट की जात? आणि काळ म्हणजे केवढा?

हे मी कुठल्या महाविद्यालयात शिकले नाही. एका चुकीमुळे शिकले. भूविज्ञानाच्या एका क्रमिक पुस्तकाची मुद्रिते माझ्याकडे होती. त्यात त्रिखंडींबद्दलच्या वाक्यात '52 कोटी वर्षांपूर्वी' असे हवे होते. छपाईत आले '5.2 कोटी'. गॅली, म्हणजे पहिले मुद्रित, माझ्या हाताखालून गेली, पान-मुद्रित गेले, दोन्ही वेळा मी 'पूर्वी' या शब्दातल्या वेलांटीकडे आणि रफाराकडे पाहत होते, आणि ते जादा टिंब नजरेतून सुटले. पुस्तक निघाल्यावर लेखकांचा फोन आला. रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, तुम्ही त्रिखंडीला देवमाशाच्या पूर्वजाशेजारी नेऊन बसवलंत." मला वाटले, थट्टा करताहेत. नंतर पाहिले तर खरेच. पाकिसेटस, चार पायांचा, देवमाशांच्या वंशातला अगदी सुरुवातीचा प्राणी, 5 कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचा. एका टिंबाने त्रिखंडीचा वंश वीस कोटी वर्षे लांबवला होता. शुद्धिपत्र छापले गेले. ते कुणी वाचले असेल असे मला वाटत नाही.

त्यानंतर ते प्राध्यापक एकदा कार्यालयात आले तेव्हा त्यांनी मला एक दगड दिला. तळहाताएवढा, करडा चुनखडक. आजही माझ्या टेबलावर असतो, कागद उडू नयेत म्हणून. त्यात बाहुपाद प्राण्यांचे दोन शिंपले आहेत, अंगठ्याच्या नखाएवढे, आणि दोन्हींवर ब्रायोझोआ नावाच्या सूक्ष्म प्राण्यांनी विणलेली दगडी जाळी. नुसत्या डोळ्यांना ती बुरशीसारखी दिसते. भिंगाखाली जरीच्या काठासारखी. प्राध्यापकांनी विचारले, "शिंपला आणि जाळी, दोन्ही एकाच वेळी जिवंत होते का?" मी म्हटले, एकाच दगडात आहेत म्हणजे असणारच. त्यांनी भिंग पुढे केले.

पहिल्या शिंपल्यावर जाळी सरळ दोन्ही झाकणांच्या फटीवरून पलीकडे गेली आहे. जणू पाकीट डिंकाने बंद केले. तो शिंपला जाळी वाढल्यानंतर उघडलेलाच नाही. म्हणजे जाळी पलीकडे गेली तेव्हा आतला जीव मेलेला होता. दुसऱ्या शिंपल्यावर जाळी काठापर्यंत येते आणि तिथे थांबते. फट स्वच्छ आहे. हा शिंपला उघडझाप करीत होता, जाळीला कडेवर पाय रोवू देत नव्हता. तेव्हा हे दोघे बहुतेक सोबत जगले. दगड एकच, अंतर दोन बोटांचे, आणि एक जोडी सहवासाची, दुसरी मयताच्या घरात राहायला आलेल्याची. 'बहुतेक' हा शब्द प्राध्यापकांचा. तो गाळू नका असे ते म्हणाले होते, म्हणून गाळत नाही.

तेव्हापासून मला एकाच दगडातल्या दोन गोष्टी आपोआप समकालीन वाटत नाहीत. आजच्या समुद्रतळावरून उचललेल्या मूठभर शिंपल्यांचे रेडिओकार्बनने वय काढले तर त्यात परवा मेलेला आणि काही हजार वर्षांपूर्वी मेलेला शेजारी शेजारी निघतो, हे अनेकदा दिसून आले आहे. गाळ सावकाश साचतो, किडे तो उकरतात, वादळ तो ढवळते. त्याहून फसवे म्हणजे जुना खडक झिजून त्यातले जीवाश्म सुटे होतात आणि नव्या गाळात जाऊन बसतात. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या हिरव्या वाळूखडकात असे आधीच्या थरांतून आलेले अ‍ॅमोनाइट भरपूर आहेत. ज्या गाळात ते सापडतात तो साचत होता तेव्हा ते मरून केव्हाच दगड झालेले होते.

मेगालोडॉनच्या दातांनीही एकदा असेच फसवले. ब्रिटिशांचे 'चॅलेंजर' जहाज 1872 ते 1876 या काळात जगभरचे समुद्र धुंडाळीत होते. पॅसिफिकच्या तळातून त्यांच्या जाळ्यात मेगालोडॉनचे दात आले, मँगनीजचे काळे कवच चढलेले. 1959 साली कुणीतरी कवचाच्या जाडीवरून हिशोब मांडला आणि दात केवळ 11 ते 24 हजार वर्षांपूर्वीचे ठरले. म्हणजे मेगालोडॉन माणसाचा शेजारी! आजही काही मंडळी हाच आकडा पुढे करून तो खोल पाण्यात अजून जिवंत असल्याचे सांगतात. पण मँगनीज एकाच वेगाने साचत नाही, आणि कवच कधी चढायला लागले हे दात सांगत नाही. काळे कवच म्हणजे जन्मदाखला नव्हे.

सर्वांत मोठी फसवणूक मात्र हाडांच्या दुकानदारीतली. 1845 मध्ये आल्बर्ट कोख नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्कमध्ये 114 फूट लांब सागरी सर्प मांडला. नाव ठेवले हायड्रार्कस. तिकीट लावून लोक पाहायला येत. जेफ्रीज वायमन या शरीरशास्त्रज्ञाने जाऊन निरखले तेव्हा हाडे सर्पाची नसून सस्तन प्राण्याची निघाली, आणि तीही एका प्राण्याची नव्हेत, अनेकांची. अलाबामात खणलेल्या बॅसिलोसॉरस या प्राचीन देवमाशाचे मणके माळेसारखे ओवले होते. गंमत म्हणजे 'बॅसिलोसॉरस' या नावातही 'सॉरस', सरडा, आहे. 1834 मध्ये ते नाव ठेवणाऱ्याचाही असाच समज झाला होता, आणि नामकरणाच्या नियमामुळे ते चिकटून राहिले. शुद्धिपत्र निघूनही मूळ चूक छापील राहते, हा अनुभव मुद्रितशोधकाला नवा नाही.

मग खात्री करायची कशी? एक मार्ग ज्वालामुखीच्या राखेचा. राखेत झिरकॉन या खनिजाचे बारीक खडे असतात. खडा तयार होताना त्यात युरेनियम अडकते, शिसे जवळजवळ शिरत नाही. पुढे युरेनियमचे ठरावीक वेगाने शिसे होत जाते; दोहोंचे प्रमाण मोजले की वय निघते. चीनमध्ये मेइशान येथे पर्मियन आणि ट्रायासिक कल्पांची सीमा ठरवली आहे. तिथले थर क्रमांकाने ओळखतात. 25 व्या आणि 28 व्या थरांतल्या राखेची वये अशा रीतीने काढली तेव्हा दोहोंत सुमारे 60 हजार वर्षांचा फरक निघाला. दोन्हींमधला दगड जेमतेम वीतभर. आणि त्या वीतभरात समुद्रातले बहुतेक जीव नाहीसे झाले, उरलेसुरले त्रिखंडीही त्याच सुमारास गेले. 60 हजार वर्षे! एवढ्या बारकाईने सांगता येत असताना आपण 'कोट्यवधी वर्षांपूर्वी' असा एकच पोतेरा फिरवतो.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: पोट. 1952 मध्ये जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी अमेरिकेत कॅन्सस राज्यात झिफॅक्टिनस या माशाचा जीवाश्म खणून काढला. लांबी सुमारे 14 फूट. त्याच्या बरगड्यांच्या आत गिलिकस नावाचा 6 फुटी मासा सबंध आहे, काटान् काटा जागेवर. पचायलाही वेळ मिळाला नव्हता. गिळणाराही लगेच मेला असावा, कदाचित याच घासाने. हे दोघे एकाच कल्पातले, एकाच पट्ट्यातले, किंबहुना एकाच दिवसातले. जर्मनीत होल्झमाडेनला इक्थिओसॉरच्या पोटात बेलेम्नाइट या स्क्विडसारख्या प्राण्यांच्या बाहूंवरचे नखांसारखे वाकडे आकडे सापडतात, ढीगभर. साक्षीदार म्हणून पोटाइतका पक्का दुसरा नाही.

एवढ्या पुराव्यातही जपून. अ‍ॅमोनाइटच्या काही शंखांवर गोल भोकांच्या रांगा आहेत. 1960 मध्ये त्या मोसासॉरच्या दातांच्या खुणा म्हणून जाहीर झाल्या, चित्रेही निघाली. 1990 च्या दशकात दुसऱ्या शास्त्रज्ञांनी म्हटले, यांतली बरीच भोके लिंपेट या चिकटून बसणाऱ्या गोगलगायींच्या बैठकीच्या जागा आहेत. मोसासॉर आणि ते अ‍ॅमोनाइट समकालीन होते यात शंका नव्हतीच. पण समकालीन असणे वेगळे, आणि एकाने दुसऱ्याला चावणे वेगळे.

एक खंत मात्र आहे. ज्याला जवळजवळ प्रत्येक प्रसंगात हजर राहण्याचा हक्क होता, तो सीलाकँथ मासा तुमच्या चित्रात नाहीच. त्याचा गट 40 कोटींहून अधिक वर्षे जुना. जीवाश्मांत तो 6.6 कोटी वर्षांच्या सुमारास दिसेनासा होतो, म्हणून संपला असे धरले होते. 1938 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या जाळ्यात जिवंत आला. अर्थात तो जुन्या जातीचा नव्हे; आजच्या लॅटिमेरियाचे जीवाश्म नाहीत, त्याच्या नातलगांचे आहेत. पुन्हा तोच मुद्दा, गट आणि जात.

आता मागणी. चित्र पुन्हा छापा, वाटल्यास तेच. फक्त प्रत्येक प्राण्याखाली त्याचा काळ द्या आणि 'एकत्र' हा शब्द काढा. 'वेगवेगळ्या काळांतले जलचर' एवढे लिहिले की चित्रकाराला एक रेषही बदलावी लागणार नाही. झुंजच दाखवायची असेल तर तीही सोय आहे. पेरूमधल्या पिस्को येथील खडकांत मेगालोडॉनबरोबर लिव्हायटन या महाकाय दातेरी देवमाशाचे अवशेष निघाले. 2010 मध्ये त्याला नाव मिळाले. 9 ते 10 दशलक्ष वर्षांपूर्वी दोघे एकाच समुद्रात होते. मुलांना मी ही जोडी कळवली आहे. पैज नव्याने लागली आहे, आणि या वेळी धाकटा देवमाशाच्या बाजूने आहे.

पत्र लांबले, जाणते. कापायचे झाल्यास कोखचा परिच्छेद कापा, दगडाचा नको. आणि आकडे जुळवायला बसाल तेव्हा टिंबे दोनदा तपासा.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक